मागून हाक द्यायचं काम

गेम नेमका कुणाचा असतो? ज्याच्या डोक्यात आधी आला त्याचा, की ज्यांनी मिळून बनवला त्यांचा?

हा प्रश्न मी दादाला विचारला, तो हसला. इम्रानभाईला विचारला, त्यानं चहा मागवला. पल्लवीताईला विचारला, ती म्हणाली, "आधी होऊ तर दे!"

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. शहरात सिडकोतल्या ज्या खोलीत गेम बनत होता, तिच्या खाली पिठाची गिरणी होती. कितीही पुसा, संध्याकाळपर्यंत की-बोर्डवर पिठाचा थर बसायचाच. किस्से तसेच बसत गेले. तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. आता खोलीतली एक खुर्ची रिकामी आहे, तर सगळं दिसायला लागलंय.

दादा म्हणजे सोमनाथ, माझा मोठा भाऊ. आमचं गाव पाचोडजवळ, घरी मेंढरं. दादा शिकला, शहरात येऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. मी सातवीतच शाळा सोडली. आता टेम्पो चालवतो. दादाला मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवायचा होता. नाव 'मेंढका', म्हणजे मेंढरं राखणारा. कळप घेऊन गावातून निघायचं, चाऱ्यासाठी नदीकाठी पोचायचं आणि सगळी मेंढरं घेऊन परत यायचं. एवढाच खेळ.

दादा जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. "दादा होता" म्हणताना जीभ अडते. बोलता बोलता कुठं "आहे" आलं तर चालवून घ्या.

*

दादाचा पहिला नियम होता, सगळं एकट्यानं करायचं. चित्रं तोच काढणार, आवाज तोच भरणार, कोड तोच लिहिणार.

मी विचारलं, "कामून? दोस्त नाय का तुला?"

"दोस्त हायत रं. पण कळप एकत्र केला की निवडायला दिवस जातो."

हे आमच्या घरातलं आहे. चाऱ्यासाठी लांब जायचं असलं की दोन-तीन घरं आपापले कळप एकत्र करतात. ओळख पटावी म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढरांच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा मारतं. आमचा गेरूचा, लाल. आम्ही लहान असताना एकदा नाल्यातून जाताना सगळे पट्टे धुऊन निघाले. गावात आल्यावर कोणतं मेंढरू कुणाचं यावरून आप्पा, म्हणजे आमचे वडील, आणि चुलते दिवसभर भांडत बसले. शेवटी मेंढरंच कंटाळली आणि आपापल्या घरी निघून गेली!

तर दादानं एकट्यानं गेमचा पहिला भाग बनवला आणि गावी येऊन आप्पांना दाखवला. आप्पांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. मग जवळ धरला.

"बेस हाय," आप्पा म्हणाले. "कुत्री लई भारी काढली."

"आप्पा, कुत्री नाय. मेंढरं हायत ती."

आप्पांनी परत बघितलं. "मंग हे मोठं काय हाय? बैल?"

"माणूस हाय, आप्पा. मेंढका हाय तो."

"असं व्हय," म्हणून आप्पांनी मोबाइल परत दिला. दादा दुसऱ्याच दिवशी शहरात जाऊन चित्रं काढणारा शोधायला लागला.

*

तो चित्रं काढणारा म्हणजे इम्रानभाई. मूळचा सिल्लोडचा. शहरात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा. वाढदिवस, लग्नं, पुढाऱ्यांच्या शुभेच्छा.

"भाई, लोगां के दांत सफेद कर-कर के थक गया मैं," तो म्हणाला. "दे तेरी मेंढियां."

दादानं अट घातली. "तू फक्त मेंढरं काढायची. बाकी कशाला हात लावायचा नाय. एक काढ, मी त्याच्याच कॉप्या करतो."

"हौ. पहले तेरे घर में दो मेंढियां एक जैसी दिखा. फिर मार कॉपी."

दादाला आमचं एकूण एक मेंढरू तोंडावरून ओळखू यायचं.

मग इम्रानभाई मेंढरं बघायला आमच्या गावी आला. बाभळीखाली बसून सकाळभर त्यानं चित्रं काढली. फार सुंदर काढली. पाणी प्यायला म्हणून उठला आणि तेवढ्यात आमच्या बोंडीनं सगळे कागद खाल्ले! बोंडी म्हणजे आमची सगळ्यात हट्टी मेंढी. मायनं डोक्याला हात लावला, मी काठी घेऊन धावलो.

इम्रानभाईनं मलाच धरलं. "नक्को रे, मारू नक्को! आजतक मेरा काम किसी कू इतना पसंद नहीं आया!"

दुपारी कळप निघाला. दादा पुढं, घोंगडी खांद्यावर, हातात काठी. मी मागं. इम्रानभाई माझ्याबरोबर चालत मोबाइलवर शूटिंग करत होता.

"सोमू भाई, जरा पलट ना! चेहरा आने दे!"

"पुढचा माणूस वळत नसतो," दादा तसाच चालत म्हणाला.

"कायकू?"

"मागं भग्या हाय ना."

भग्या म्हणजे मी, भगवान. दादा काही वळला नाही. म्हणून गेममधला मेंढकाही इम्रानभाईनं पाठमोराच काढला. दादाचाच चौकड्याचा शर्ट, दादाचीच चाल. डावा खांदा थोडा खाली. आप्पांना दाखवला तर आप्पा लगेच म्हणाले, "ह्यो तर आपला सोम्या!"

*

पल्लवीताईला कुणी बोलावलं नव्हतं, गेमच जाम झाला होता. ताई सोयगावची, घरी मोठी शेती, वडलांचा गावात दरारा. ती पुण्यातल्या कंपनीत कोड लिहायची. कंपनीनं घरून काम करा सांगितलं तेव्हा शहरात येऊन राहिली. इम्रानभाईच्या ओळखीनं एकदा गेम बघायला आली, आणि पुढं नोकरी सोडून आमच्याच खोलीत बसायला लागली.

पहिल्या दिवशी तिनं दादाचा कोड उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सोमनाथ, इथं 'बोंडी' लिहिलंय. बोंडी म्हणजे काय?"

"मेंढी हाय आमची. जो भाग सांगितलेलं ऐकत नाय, त्याला मी बोंडी म्हणतो."

"आणि हे 'आप्पा'?"

"तो भाग हळू चालतो, पण कधीच बंद पडत नाय."

"आणि हे 'भग्या'?"

दादानं माझ्याकडं बघितलं. "तो कुणी न बोलवता मधीच घुसतो. मग सगळं तापतं."

मला राग आला. मी उठून पंखाच बंद केला.

ताई शांतपणे म्हणाली, "नाव बरोबर ठेवलंय."

ताईचं म्हणणं होतं, तिघांनी मिळून करायचं असेल तर कुणी काय लिहिलं ते दिसलं पाहिजे. दादा आधी नको नको म्हणत होता. पण हे ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. "म्हणजे पट्टे मारायचे!" दादाचं काम लाल, ताईचं निळं, इम्रानभाईचं हिरवं. कॉम्प्युटरवर ज्याचं त्याचं काम त्याच्या रंगात दिसायला लागलं.

नंतर एकदा सकाळी मोठा कॉम्प्युटर चालूच होईना. तिघं लॅपटॉपवर रंग बघत बसले. काल शेवटी कुणी काय बदललं? निळ्यात चूक सापडेना, हिरव्यात सापडेना, लालात सापडेना. दुपार झाली. शेवटी इम्रानभाई टेबलाखाली वाकला. कॉम्प्युटरची पिन काढून मी तिथं माझा मोबाइल चार्जिंगला लावला होता!

दादा म्हणाला, "याला पट्टा मारायचाच राहिला."

*

आवाज भरायची आमची एक रीत होती. गिरणी चालू असली की खोलीत आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नसे. गिरणीवाल्या कदमकाकांना दादानं एकदा विनंती केली होती, जरा वेळ बंद ठेवता का म्हणून.

"दळण थांबवू? मेंढरासाठी?" काका म्हणाले. "लाइट गेल्यावर ये."

तेव्हापासून लाइट गेली की आम्ही आनंदानं ओरडायचो आणि मोबाइल घेऊन आवाज भरायला बसायचो. गल्लीतल्या लोकांना आम्ही येडे वाटायचो.

असंच एकदा लाइट गेली. दादा फरशीवर गुडघे आणि हात टेकून मेंढरासारखं ओरडत होता. इम्रानभाई त्याच्या तोंडाजवळ मोबाइल धरून रांगत होता. मेंढरू घाबरलेलं पाहिजे म्हणून मी मागून काठी आपटत होतो. तेवढ्यात दार उघडलं आणि दारात ताईचे वडील! पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं. सोयगावहून न सांगता आले होते. पोरगी बँकेत लागली अशी त्यांची समजूत होती आणि ती ताईनं कधी मोडली नव्हती.

ताई एवढंच म्हणाली, "बाबा, हे आमचे साहेब."

साहेब चार पायांवर होते. त्यांनी तसाच नमस्कार केला.

ताईच्या वडलांनी उपरणं सावरलं. खोली बघितली, आम्हाला बघितलं. मग म्हणाले, "हे काय घाबरलेलं वाटत नाही. भुकेलेलं कोकरू असं ओरडत नसतं, घाबरलेलं तर नाहीच." आणि त्यांनी उभ्या उभ्या असा आवाज काढला की खालून कदमकाका धावत वर आले, कोणाचं कोकरू जिन्यात अडकलं बघायला!

इम्रानभाई हुशार. त्याचं रेकॉर्डिंग चालूच होतं. गेममधलं घाबरलेलं कोकरू म्हणजे ताईचे वडील.

चहा पिऊन ताईचे वडील निघाले. चपला घालता घालता त्यांनी ताईला हळूच विचारलं, "पण बँकेत हे कशाला लागतं?"

*

एवढं होऊनही दादा सगळ्यांना सांगायचा, "मी सोलो आहे." म्हणजे एकटा बनवणारा. हा शब्द त्याला फार आवडायचा.

पुण्यात गेम बनवणाऱ्यांचा एक मेळावा होता. मी टेम्पोतून सगळ्यांना घेऊन गेलो. तिथं दारात दोन रांगा. एक सोलोवाल्यांची, एक टीमवाल्यांची. दादा सरळ जाऊन सोलोच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या मागं ताई, हातात लॅपटॉप. ताईच्या मागं इम्रानभाई, गळ्यात वायरी आणि बगलेत मेंढराचा मोठा पुठ्ठा. त्याच्या मागं मी, मायनं दिलेल्या भाकरी घेऊन.

टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही सोलो?"

"हो."

"मग हे?"

दादानं मागं वळून बघितलं नाही. "हे सोबत आलेत."

इम्रानभाई जोरात म्हणाला, "मॅडम, हम बाराती!"

ती मुलगी हसली आणि तिनं दादाला एक बिल्ला दिला, आम्हाला पाहुण्यांचे तीन. दादानं सोलोचा बिल्ला छातीवर लावला आणि दिवसभर मिरवला. जाता-येता कुणी गेमचं काही विचारलं की मात्र म्हणायचा, "हे इम्रानला माहीत. ते पल्लवीला विचारा." संध्याकाळी परत येताना ताईनं त्याला विचारलं, "सोलो, तुम्ही स्वतः काय सांगितलं आज?"

दादा म्हणाला, "भाकरी भग्याकडं हाय, हे मीच सांगितलं की!"

*

गेम जवळजवळ झाला होता. एकच भानगड मिटत नव्हती. कळपातली शेवटची कोकरं हरवायची. खेळणारा पुढं चालतो, मेंढरं त्याच्या मागून येतात, आणि मोठा रस्ता ओलांडला की मागची दोन-चार गायब.

ताई म्हणायची, "आपण हा दोघांचा करू. एक पुढं, एक मागं."

दादा म्हणायचा, "मेंढका एकटाच असतो. गेम एकट्याचाच राहणार."

त्यानं खूप खटपट केली. कोकरांचा वेग वाढवला, तर ती दादाच्याही पुढं पळून नदीवर जाऊन बसली! इम्रानभाई म्हणाला, "भाई, ये मेंढियां हैं की एस.टी.?" वेग कमी केला, तर कोकरं गावातून निघेचनात. दादा आणि ताई यांचं बोलणं बंद झालं. इम्रानभाई दोघांचे निरोप इकडून तिकडं सांगायचा, आणि दोघं एकाच टेबलावर बसलेले!

अशातच मी एकदा टेम्पो लावून वर गेलो आणि गेम खेळायला घेतला. रस्ता ओलांडला, कोकरं गेली. परत खेळलो, परत गेली. माझं डोकं फिरलं. मी मोबाइल टेबलावर आपटला. काच फुटली. मोबाइल दादाचा होता.

"अरे, पण मागं कोण हाय?" मी ओरडलो.

"कुठं मागं?"

"कळपाच्या मागं! तू पुढं हायस ना? मग मागं कोण हाय?"

पाचोडचा मोठा रस्ता ओलांडायची आमची पद्धत सांगतो, म्हणजे कळेल. पुढचा आधी पलीकडं जातो आणि तिथं पाठमोरा उभा राहतो. गाड्या अडवणं, रेंगाळलेली कोकरं उचलणं, बोंडीला ढकलणं हे सगळं मागच्याचं काम. शेवटचं मेंढरू पार झालं की मागच्यानं हाक द्यायची, "आली रं, सगळी आली!" हाक आल्याशिवाय पुढचा जागचा हलत नाही. हाक आली की मागं न बघता काठी वर करतो आणि चालायला लागतो.

कळतं वय झाल्यापासून पुढं दादा आणि मागं मी. दादानं कधी वळून बघितलंच नाही, त्यामुळं मागं काय चालतं ते त्याच्या गेममध्ये आलंच नव्हतं. मेंढरं आपली आपण रस्ता ओलांडतात असंच त्याला वाटत होतं!

दादानं फुटलेला मोबाइल उचलून बघितला. मग ताईकडं वळून म्हणाला, "पल्लवी, दोघांचा कर. खेळणारा मागं ठेव. पुढचा आपला आपण चालंल."

इम्रानभाई उखडला. "कब से बोल रहे हम! हमारा नहीं सुना, इसका सुन लिया!"

"तुम्ही म्हणत होता, दुसरा घाला," दादा म्हणाला. "हा म्हणतोय, दुसरा होताच."

खाली गिरणी चालू होती.

मग दादा मला म्हणाला, "आणि काच बदलून आण!"

*

पावसाळा सरता सरता दादाला ताप आला. डेंग्यू. इम्रानभाई दवाखान्यात भेटायला गेला, तर दादा त्याला म्हणाला, "कोकरांचे कान जरा लहान कर, खऱ्या कोकराचे एवढे नसतात." इम्रानभाईनं कान लहान केले आणि मोबाइलवर दाखवायला परत गेला. तेव्हा दाखवायला कुणी उरलं नव्हतं.

तेरावा झाला आणि मी टेम्पो घेऊन खोलीवर गेलो. ताई आणि इम्रानभाई तिथंच बसले होते.

"हे दादाचं हाय," मी म्हणालो. "आता कुणी हात लावायचा नाय. अर्धा तर अर्धा. त्यानं एकट्यानं सुरू केला, त्याचा एकट्याचाच राहील."

मी दादाच्या कॉम्प्युटरच्या वायरी उपटल्या, सीपीयूचा डबा उचलला आणि दादाच्या घोंगडीत गुंडाळला. मला वाटलं, आता भांडण होणार. मला भांडायचंच होतं. पण ताईनं खाली पडलेल्या वायरी गोळा केल्या. इम्रानभाईनं डबा आपटू नये म्हणून दार धरून ठेवलं. "संभाल के," एवढंच म्हणाला.

मायनं तो डबा देवाशेजारी ठेवला. रोज हळदकुंकू लावायची. आप्पा येता-जाता त्याच्याजवळ थांबायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "भग्या, याला काय लागतं? असंच ठेवलं तर मरंल का?"

मी डब्यावरची धूळ पुसली.

पुढं एका दुपारी ताई आणि इम्रानभाई स्कूटरवरून गावी आले. मी दारातच आडवा उभा राहिलो. "सीपीयू मिळायचा नाय."

"सीपीयू नको रे," ताई म्हणाली. आत येऊन तिनं आपला लॅपटॉप उघडला. त्यावर गेम चालू झाला. दादाचा आख्खा गेम!

"हे कसं काय?"

"सगळं नेटवर असतं, भगवान. पहिल्यापासून. माझ्याकडं आख्खा आहे, इम्रानकडं आख्खा आहे."

मी देवाशेजारच्या डब्याकडं बघितलं. "मग मी हे काय आणलं?"

"डब्बा," इम्रानभाई म्हणाला. "तू डब्बा लाया रे!"

आधी माय हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मग आप्पा हसले, मग आम्ही सगळे.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडं सगळं होतं, मग पुरा का नाय केला?"

ताई म्हणाली, "हात लावायचा नाही म्हणालास ना तू."

मी बाहेर गेलो. मेंढरांत जाऊन उभा राहिलो. बोंडीनं माझी बाही चावली. परत आत आलो आणि म्हणालो, "लावा."

*

त्यांनी गेम पुरा केला. ताईनं दाखवलं मला. निळं वाढलं होतं, हिरवं वाढलं होतं, पण लाल जिथं होतं तिथं तसंच ठेवलं होतं. आता खेळणारा मागं असतो. पुढं दादा, पाठमोरा.

एकच राहिलं होतं. मागच्याची हाक.

ती द्यायला मी नाही म्हणालो. दुसऱ्या कुणाची घ्या म्हणालो. इम्रानभाईनं देऊन बघितली आणि आप्पांना फोनवर ऐकवली. आप्पा म्हणाले, "हा काय भाजी इकायलाय?" ताईनं दिली, तर बाई वर्गात हजेरी घेतायत असं वाटलं. नंतर दोघांनी विषय काढणं सोडून दिलं. मी रोज त्या गल्लीतून टेम्पो घेऊन जायचो आणि वर बघायचो नाही.

मग एकदा माल उतरवून परत येताना मी टेम्पो गिरणीसमोर लावला आणि जिना चढलो. त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इम्रानभाईनं गुपचूप माइक लावला.

खाली गिरणी जोरात चालू होती.

"लाइट जायची वाट बघू," ताई म्हणाली.

तेवढ्यात गिरणी बंद झाली. मी वर बघितलं, पंखा फिरत होता. खिडकीतून खाली बघितलं तर कदमकाका बटणावर हात ठेवून उभे होते. दळणाचे डबे घेऊन बाया रांगेत होत्या.

ताईनं गेम सुरू केला. "आवाज इथून थेट आत जाईल," ती म्हणाली. "तो हाकेसाठी थांबलाय."

स्क्रीनवर मोठा रस्ता होता. मेंढरं ओलांडत होती. लहान कानांची कोकरं गेली. सगळ्यात शेवटी बोंडी गेली. रस्ता रिकामा झाला. पलीकडं दादा उभा होता. चौकड्याचा शर्ट, खांद्यावर घोंगडी, डावा खांदा थोडा खाली.

मी उभा होतो. तोही उभाच होता. मी हाक दिली नसती तर तो तिथंच राहणार होता.

खुर्ची रिकामी होती, पण मी बसलो नाही. ही हाक बसून देत नसतात. तोंडाला हात लावला आणि दिली.

"आली रं दादा! सगळी आली!"

पलीकडच्यानं मागं न बघता काठी वर केली आणि चालायला लागला.